घरचं विरजण

एक चमचा विरजणावरून माझी आई माझ्या बाबांशी अकरा दिवस बोलली नाही. बाबा सत्तरीचे, आई पासष्टची. या वयात नवराबायको एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात. आमच्याकडं अबोला सांभाळणं चालू होतं. मी अमरावतीतच, ऑटोनं दहा मिनिटांवर राहते, म्हणून निरोप पोचवायची बिनपगारी नोकरी मला लागली. दोघं एकाच खोलीत, समोरासमोर, आणि मी मधे.

"तुह्या आईले सांग, चांदीची वाटी आणली. आता तरी झालं काय समाधान?"

"तुह्या बापाले सांग, वाटी डोक्यावर ठेवून नाचा म्हणा."

ही चांदीची वाटी कुठून उपटली ते सांगते. पण त्याआधी बाबांचा आजार सांगावा लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल माझी आईच भांडखोर आहे. आहे ती भांडखोर, पण तो मुद्दा नाही.

बाबांना कुणाचं देणं सोसत नाही. एखाद्याला वांगं सोसत नाही, अंगावर पित्त उठतं, तसं. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर कारकुनी केली. पण दुसऱ्याच्या पेनानं कधी सही केली नाही. खिशाला दोन पेनं असायची, एक स्वतःसाठी आणि एक मागणाऱ्यांसाठी. मागणाऱ्याचं पेन ते परत मागायचे नाहीत. मागितलं तर त्याला आपण देणं लागतो याची आठवण होईल, आणि ती आठवण दुश्मनालासुद्धा होऊ नये असं त्यांचं मत. कुणी सकाळी चहा पाजला तर दुपारी तीनच्या आत त्याला चहा पाजून मोकळे. एकदा चहा पाजणारा साहेब दुपारी दौऱ्यावर निघून गेला, तर बाबा दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते.

घरात 'उसनं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. माफक शिव्या चालायच्या, हा शब्द नाही. पाचवीच्या पुस्तकात 'उसनं अवसान आणणे' याचा वाक्यात उपयोग करायचा होता. बाबा म्हणाले, "लिही, आमच्या घरात अवसान स्वतःचं असते." मी लिहिलं. बाईंनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, वडिलांना भेटायला सांगणे.

अमरावतीचं आमचं घर रोखीनं बांधलेलं आहे, आणि ते दिसतं. आधी दोन खोल्या झाल्या. मग महागाई भत्त्याचा फरक मिळाला, त्याचा जिना झाला. वरचा मजला व्हायला पुढं अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं आमच्या घराला कुठंच न जाणारा जिना होता, आणि त्याच्या वरच्या पायरीवर बसून मी दहावी केली, बारावी केली. रस्त्यानं जाणारा कुणी विचारायचा, "भाऊ, वरतं काय हाय?" बाबा म्हणायचे, "आभाळ. त्याचा हप्ता नाही लागत."

न्हाणीघराला तीन वर्षं दार नव्हतं, जुन्या चादरीचा पडदा होता. आत कुणी आहे हे कळावं म्हणून अंघोळ करताना गाणं म्हणायचं असा घरचा नियम. माझा आवाज तिथं मोठा झाला, गोड मात्र झाला नाही. गल्लीतली बाकीची घरं बँकेच्या पैशानं वर्षा-दीड वर्षात उभी राहिली. आई त्यांच्या वास्तुशांतीला जायची, संगमरवरी फरशी पाहून यायची, आणि घरी येऊन चादर बाजूला सारून भांडी घासायची. "फरशी गार लागते," एवढंच म्हणायची. बाबा म्हणायचे, "लागंलच. बँकेची आहे."

मला नोकरी लागली तेव्हा बाबा मला गाडी घ्यायला घेऊन गेले. दुकानातली पोरगी लाघवी होती. "काका, आज काहीच नका भरू. गाडी घेऊन जा, पैसे महिन्या-महिन्यानं."

"अन् सगळे आत्ताच घे म्हटलं तं?"

तिचा चेहरा पडला. आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. "रोखीवाल्याले वीस दिवस थांबा लागते काका. फायनान्सवाल्याले आजच भेटते." बाबा मला बाहेर घेऊन आले आणि उन्हात उभं राहून म्हणाले, "पाह्य, खिशात पैसे असणं गुन्हा झाला." आम्ही वीस दिवस थांबलो. मी वीस दिवस ऑटोनं ऑफिसला गेले आणि उशिरा पोचल्याबद्दल तीनदा बोलणी खाल्ली.

आणि आता तर फोन येतात. कर्ज मंजूर झालं आहे, असं रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात सांगते. बाबा तिच्याशी भांडतात. "मी मांगितलं होतं काय वो बाई? मंग कोणत्या हक्कानं देऊन राह्यली?" ती म्हणते, हो असल्यास एक दाबा. "मी काहीच नाही दाबत. तूच ठेव फोन." ती ठेवत नाही. बाबाही ठेवत नाहीत. शेवटी ती थकते, म्हणजे रेकॉर्डिंग संपतं, आणि बाबा युद्ध जिंकल्यासारखे पाणी पितात.

माझ्या फ्लॅटवर वीस वर्षांचं कर्ज आहे, हे मी अर्थातच त्यांना सांगितलं नव्हतं. फ्लॅट सासऱ्यांनी दिला, असं सांगून ठेवलं होतं. सासरे बिचारे बाबांसमोर आले की तोंड चुकवायचे.

हे सगळं मी माहेरच्या गमती म्हणून लोकांना सांगते, लोक हसतात. अकोल्याची गोष्ट मात्र मी सांगत नाही. आज सांगते.

लग्न होऊन आई अकोल्याला आली. बाबांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मागच्या अंगणात कमरेइतकी भिंत, आणि भिंतीपलीकडं काका-काकू. बौद्ध कुटुंब, काका हायस्कुलात गणिताचे मास्तर, काकू घरी शिवणकाम करायच्या. आई चोवीस वर्षांची, लहानशा गावातून आलेली, ओळखीचं कुणी नाही. काकू तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्या भिंतीवर कोपरं टेकवून आई जेवढं बोलली तेवढं पुढं जन्मात कुणाशी बोलली नाही. माझ्याशीसुद्धा नाही. अमरावतीत इतकी वर्षं झाली, हळदीकुंकवाच्या बायका खूप, पण आईला मैत्रीण म्हणून कुणाचं नाव घ्यायला सांगितलं तर ती अजून अकोल्याच्याच काकूंचं घेते. आणि ती मैत्रीण बाबांनी घालवली, वाटीनं.

आपल्याकडं शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. चांगली रीत आहे. आज खीर आली; आठ-पंधरा दिवसांनी आपल्याकडं काही केलं की वाटी भरून परत. मधले दिवस ती वाटी आपल्या फळीवर असते, आणि ती दिसली की देणारी आठवते. सगळी गंमत त्या मधल्या दिवसांत आहे. बाबांनी नेमके तेच दिवस काढून टाकले. सूर्य मावळायच्या आत वाटी परत गेली पाहिजे, हा त्यांचा कायदा. काकूंकडून सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी आली की आई ती आमच्या भांड्यात ओतायची, वाटी घासायची, पुसायची, साखर नाहीतर शेंगदाणे भरायची, आणि मी ती भिंतीवरून पलीकडं द्यायची. कधीकधी तर अर्ध्या तासात.

काकू म्हणायच्या, "काहून वो माय, एवढी घाई कायची? वाटी पळून चालली होती काय?"

मी म्हणायची, "बाबांनी सांगितलं."

दर वेळी हेच म्हणायची. मला दुसरं माहीतच नव्हतं.

कायदा सगळ्या गल्लीला होता. समोरच्या घराची वाटीही अशीच परत जायची. काकूंनी माझ्यासाठी पहिलं झबलं शिवलं तर बाबांनी संध्याकाळच्या आत कापडाचे आणि शिलाईचे पैसे पाठवले होते. पण कायदा आमच्या घरात होता. गल्लीला तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

तिसरीत मला वजाबाकी येईना. काकांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं आणि पाटी घेतली. "पाह्य, बावनमधून सतरा काढाचे. दोनातून सात जाते काय? नाही जात. मंग काय कराचं? शेजारच्याकडं जायचं, एक उसना मांगाचा. शेजारी असते कायले?" मला फार आवडलं. चार दिवस मी रोज गेले. पाचव्या दिवशी घरी, बाबा जेवत असताना, मी मोठ्यानं म्हणत वजाबाकी केली: शेजारच्याकडून एक उसना घेतला.

बाबांचा घास हातातच राहिला. "अन् परत कधी करतं?"

"परत नाही करत बाबा. तसंच असते."

"कोण शिकवलं तुले हे?"

फुकटची शिकवणी म्हणजे देणं. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या हाती डझनभर संत्री पाठवली आणि उद्यापासून येणार नाही, असा निरोप. काकांनी संत्री घेतली. "कोण म्हणलं?" त्यांनी विचारलं. "बाबांनी सांगितलं," मी म्हटलं. ते म्हणाले, "हाव. ठीक आहे," आणि पाटी पुसून खिळ्याला टांगली. मला ती वजाबाकी अजून नीट येत नाही, मोबाइलवर करते.

त्यानंतर काकूंच्या वाट्या कमी झाल्या आणि मग बंदच झाल्या. भिंतीवरचं बोलणं कपडे वाळत घालण्यापुरतं उरलं. आईला कारण कळेना. ती बाबांवर चवताळायची, "तुमच्या वाटीच्या नादात माह्यी एक होती ते बी गेली!" बाबा म्हणायचे, "कोणाचं एक पैशाचं देणं नाही, हे कमी आहे काय?"

या बिनदेण्याच्या संसारातला त्यांचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे घरचं विरजण. अकोल्याचा मे महिना. दही दोन-तीन तासांत लागतं आणि चौथ्या तासाला आंबून जातं. गल्लीतल्या बायका वाटी घेऊन एकमेकींच्या दारात, "चमचाभर विरजण द्या वो." आमच्या घरातून कुणी गेलं नाही. आमचा दह्याचा सट पाण्यानं भरलेल्या परातीत, वर ओलं फडकं, समोर कूलर. घरातली माणसं नुसत्या पंख्याखाली. बाबा ऑफिसातून आले की आधी सटाचं फडकं उचलून पाहायचे, मग माझ्याकडं. पाहुण्यांना सांगायचे, "हिनं माहेरून आणलं हे. तवापासून चालू आहे. एक दिवस कोणाकडं मांगाले गेलो नाही." आई तेव्हा काही ना काही करायला आत निघून जायची. मला वाटायचं लाजते.

बदली अमरावतीला झाली तेव्हा सामान ट्रकनं गेलं आणि दही बसनं, बाबांच्या मांडीवर. मूर्तिजापूरला शेजारच्या माणसानं विचारलं, "भाऊ, एवढं जपून काय नेऊन राह्यले डब्यात?"

"दही."

"अमरावतीले दही भेटत नाही काय?"

"भेटते. पण ते दुसऱ्याचं."

तो माणूस बडनेऱ्यापर्यंत हसत होता. काका-काकूंशी संबंध उरला तो लग्नाच्या पत्रिकांपुरता. काका वारल्याचं आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. आईला जायचं होतं, पण इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून राहिलं.

मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस दुपारी फोन आला. बाबा दहीभात खात होते, मी शेजारी बसले होते. आईला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"ओळखलं काय वो? मी अकोल्याची, भिंतीपलीकडची."

आई उभी होती ती खुर्चीत बसली. "ताई?"

"पोराकडं पुण्याले होती पाच महिने. घर बंद. आता आली तं विरजणच मेलं माह्यं. दुकानच्या दह्याचं लावून पाह्यलं, तार येते त्याले. मंग मले याद आलं. तुमी पयल्या दिवशी आल्या होत्या ना, लाल साडी नेसून, चमचाभर मांगाले? आहे काय वो ते अजून तुमच्याकडं? माह्यं विरजण?"

बाबा भाताकडं पाहत राहिले.

"आहे ताई," आई म्हणाली. "तेच आहे. एक दिवस मोडू नाही दिलं."

फोन संपल्यावर आईनं सगळं सांगून टाकलं. लपवायला आता उरलंच काय होतं! माहेरचं दही मूर्तिजापूरला गाडी बदलताना सांडलं. सासरी आली तो पहिला दिवस. बाबा ऑफिसला जाताना दोन गोष्टी सांगून गेले: संध्याकाळी कढी कर, आणि कोणाकडं काही मांगू नको. "आता दह्याबिगर कढी कशी करू? गेली भिंतीकडं. तुमी आले, कढी खाल्ली, म्हणाले, माहेरचं काय? मी हाव म्हटलं. एक हाव म्हटलं तं जन्मभर म्हणा लागलं."

"म्हणजे एक्केचाळीस वर्षं मी..." बाबा बोलता बोलता थांबले. पुढचा शब्द आमच्या घरात चालत नव्हता.

खरं सांगते, मी इतकी हसले की मला ठसका लागला. बाबांनी ताट सारलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी सराफ्यात जाऊन चांदीची वाटी घेऊन आले. कुरिअरनं अकोल्याला पाठवायची, सोबत आभाराची चिठ्ठी, विषय संपला.

आई भडकली. असं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. "तिनं चमचाभर दही मांगितलं, अन् तुमी चांदी पाठवून राह्यले? एवढ्या वर्षांनी तिनं भिंतीवरून हाक मारली मले, अन् तुमी पुन्हा वाटी भरून तिचं तोंड बंद कराले निघाले! मी अकोल्याले जाईन. दही देईन, तिच्या घरी जेवीन, बोलीन. तुमी बी याचं सोबत. अन् हातात दह्याशिवाय काही घ्याचं नाही. फेडाफेडी नाही."

"रिकाम्या हातानं कोणाच्या घरी जेवाले जाऊ? मी?"

"तं मंग बोलू नका माह्याशी."

असा तो अबोला. त्यात बाबांनी आणखी एक काढलं: हिशेब फिटेपर्यंत घरच्या दह्याला हात लावणार नाही. दह्यावाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. दुकानातून प्लास्टिकच्या डब्यातलं दही आणायचे, चमचाभर खायचे आणि तोंड वाकडं करायचे. आई समोर बसून घरचं दही भाकरीशी सावकाश खायची. आई जिंकणार हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं, त्यांना अकरा लागले.

बाराव्या दिवशी सकाळी मी गेले तर बाबा स्वतः डबा घासत होते. "तुह्या आईले सांग, आठची गाडी आहे." चांदीची वाटी कपाटातच राहिली.

मीही रजा टाकून गेले. डबा पुन्हा बाबांच्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या अलीकडं पलीकडच्या सीटवरच्या बाईनं विचारलंच, "काय आहे वो काका डब्यात?"

"दही."

"अकोल्याले दही भेटत नाही काय?"

बाबांनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं. "अकोल्याचंच आहे," ते म्हणाले.

काकू दारातच उभ्या होत्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच. आईला त्यांनी मिठीच मारली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी काकांचा फोटो. आम्ही बसलो. काकू आत गेल्या आणि बाबांसमोर एक ट्रे ठेवला. त्यात दुकानातली पाण्याची सीलबंद बाटली आणि बिस्किटाचा न फोडलेला पुडा.

"बंदच आहे भाऊ. आताच आणली. चालंल ना तुमाले?"

बाबांना कळेना. मलाही कळलं नाही. "बंद काहून पण?" त्यांनी विचारलं.

"नाही, तुमाले आमच्या घरचं चालत नव्हतं ना." एखाद्याला गोड वर्ज्य आहे हे लक्षात ठेवून बोलावं, इतक्या साध्या आवाजात त्या बोलल्या. "पयल्या दिवशी तुमाले मालूम नव्हतं आमी कोण, म्हणून दही नेलं. मंग कोणी तरी सांगितलं असंल. मंग वाट्या वापस याले लागल्या, अर्ध्या अर्ध्या घंट्यात, घासून पुसून. मास्तर म्हणे, फेकून देत असतील, कायले पाठवतं? मी म्हटलं नाही, ते बाई तशी नाही. मंग हे पोरगी बी यायची बंद केली. तवा मी बी मानलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसल्या. "तुहा काय दोष माय. तू तं सांगतच होती, बाबांनी सांगितलं."

मला जमिनीत जावंसं वाटलं. आईनं पदर तोंडाला लावला होता आणि ती हुंदके देत होती. इतकी वर्षं ती ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होती ते हे होतं.

"तसं नव्हतं वो बाई," बाबा म्हणाले. "समोरच्याची वाटी बी मी..." मग ते खाली पाहत बोलायला लागले, आणि जे बोलले ते आईनंही कधी ऐकलं नव्हतं. "मी लहान होतो तं माह्यी माय मले रोज वाटी घेऊन धाडे. कधी साखर, कधी तेल, कधी मीठ. गल्लीत पोट्टे मले वाट्या म्हणत. आला रे वाट्या आला. माह्यं खरं नाव कोणाले मालूम नव्हतं. म्हणून मी ठरवलं, माह्या घरात कोणाची वाटी दिवस मावळल्यावर दिसणार नाही. बस एवढंच होतं. तुमचं जेवण आमी कधी फेकलं नाही. एक शीत नाही फेकलं."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"मंग हे मास्तरले सांगाचं होतं ना भाऊ," त्या म्हणाल्या. "ते तं तेच मनात घेऊन गेले."

बाबांनी वर फोटोकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा भयंकर रागही आला, दोन्ही एकदम. आपलं कारण कितीही खरं असलं तरी ते आपण आपल्याच घरात ठेवलं होतं. भिंतीपलीकडं फक्त घासलेली वाटी जात होती. आणि ती घेऊन मी जात होते. शिवाय काकूंना जे वाटलं ते त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. तसं करणारी घरं त्यांनी पाहिली होती, आमच्याच गल्लीत.

बाबांनी बाटली बाजूला सारली. "माठातलं पाणी द्या," म्हणाले. मग आम्ही जेवलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या, आणि मग ताट पुढं करून म्हणाले, "अजून एक द्या." दुसऱ्याच्या घरी मागून घेतलेली ती त्यांची पहिली भाकर. मी समोर बसले होते म्हणून विश्वास ठेवते.

दुपारी आई आणि काकू स्वयंपाकघरात गेल्या. दूध कोमट केलं, चमचाभर विरजण घातलं, झाकलं, आणि मग अडीच वाजेपर्यंत दोघी त्या पातेल्याजवळ बसून बोलत होत्या. मधे हसण्याचा आवाज आला. आईचं ते हसणं मला ओळखूच आलं नाही, आधी वाटलं काकूच हसल्या.

निघताना काकूंनी स्टीलची वाटी भरून आंब्याचं लोणचं दिलं. जुनी वाटी, त्यावर काकांचं नाव कोरलेलं. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, आज सगळंच बाहेर निघतं आहे तर हेही निघू दे. "बाबा, माझ्या फ्लॅटवर कर्ज आहे. सासऱ्यांनी काही दिलं नाही."

"मालूम आहे मले," खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले. "त्या माणसाकडं कुठून येतात एवढे पैसे?"

घरी पोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. आईनं सवयीनं लोणचं बरणीत काढलं, वाटी घासली, पुसली, आणि साखरेच्या डब्याला हात घातला. बाबा मागेच उभे होते. त्यांनी तिच्या हातातून वाटी घेतली आणि फळीवर, दह्याच्या सटाशेजारी, नाव पुढं येईल अशी ठेवली.

"आज भरू नको काय?" आई म्हणाली. "कुरिअर तं गेलं असंल. उद्या भरते."

"उद्या बी नको," बाबा म्हणाले. "राहू दे इथंच. मास्तरची आहे. उसनी."